आरव्ही पोचवण्याचं कंत्राटी काम: दर, जोडणी, पावती

अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर) इंडियानात, एल्कहार्टच्या आसपास बनतात. तिथून डीलरकडे ट्रेलर ओढून नेणारे बरेच ड्रायव्हर कंत्राटी असतात: पिकअप त्यांची, डिझेल त्यांचं, पैसे फक्त ट्रेलर ओढलेल्या मैलांचे. एच-1बी व्हिसावर हे जोडकाम करता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

दर ऐकून हुरळू नका. डीलर हजार मैलांवर असेल तर मिळालेली रक्कम 2000 मैलांनी भागा, कारण परतीचे पैसे सहसा कुणी देत नाही. ओढताना गॅलनला 10 मैल आणि रिकामी 16 धरले, तर फेरीला साधारण 163 गॅलन डिझेल जातं. टायर, ऑइल, विमा आणि 15.3 टक्के स्वयंरोजगार कर वेगळाच.

पिकअप आणि ट्रेलरचं ठरलेलं एकूण वजन 10,001 पौंड किंवा जास्त असेल तर डीओटीचं (अमेरिकेचं वाहतूक खातं) मेडिकल कार्ड लागतं. दिवसाला ड्रायव्हिंग 11 तास, तेही ड्यूटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत. आरव्ही ट्रेलर ओढताना इलेक्ट्रॉनिक लॉगमधून (ड्रायव्हिंगच्या तासांची यंत्रावरची नोंद) सूट आहे. कागदी लॉगमधून नाही.

ताबा घेताना घाई नको. छताच्या कडा, कोपऱ्यांचं सीलंट, स्लाइड-आउटच्या (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) पट्ट्या, मागचा बंपर यांचे फोटो काढा. ओरखडा दिसला तर बिल ऑफ लेडिंगवर (माल ताब्यात घेतल्याचा कागद) लिहून तिथल्या माणसाची सही घ्या. नंतर डीलरने बोट दाखवलं की न लिहिलेला ओरखडा तुमच्याच माथी.

ट्रॅव्हल ट्रेलरला बहुधा 2 5/16 इंची बॉल (पिकअपच्या मागचा जोडणीचा गोळा) लागतो. कपलर म्हणजे ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी. त्याची कडी लावून पिन घाला, मग जॅकने दांडी दोन-तीन इंच उचला. पिकअपची मागची बाजूही उचलली गेली तर पकड पक्की. कपलर एकटाच वर आला तर बॉल आत बसलेलाच नाही. साखळ्या खालून फुलीसारख्या ओलांडून लावा. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) साखळीला अडकवू नका, साखळी सुटली तर तीही सुटते.

मोकळ्या जागी ताशी 25 मैलांच्या वेगाने फक्त ब्रेक कंट्रोलरचा (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र) हाताचा खटका दाबून पाहा: ट्रेलरने मागे ओढलं पाहिजे, चाकं जाम होता कामा नयेत. नवे ब्रेक सुरुवातीला कमी धरतात, म्हणून गेन (कंट्रोलरवर लावलेला ब्रेकचा जोर) काही मैलांनी पुन्हा तपासा. पहिल्या 50 मैलांनंतर थांबून टॉर्क रेंचने चाकांचे नट आवळा. नवी चाकं बसतात तसे नट ढिले पडतात. ट्रेलरच्या अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी 65 मैल असते. मोकळा हायवे दिसला म्हणून 75 पळवलं की टायर तापून फुटतो, आणि फुटताना फेंडरही फाडतो.

आतला पलंग, संडास वापरायचा नाही. डीलर बंद असेल तर ट्रेलर फाटकाबाहेर सोडून निघू नका. सहीची पावती नसेल तर पैसे अडकतात.