मराठवाड्यात युवकांच्या मानसिक आरोग्याचं आणि व्यसन प्रतिबंधाचं काम सुरू करताना

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात बीए केलेली मुलं-मुली निकाल लागला की विचारायला लागतात, "ताई, व्यसनमुक्तीत काम करायचंय, सुरुवात कुठनं करू?" बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शाळेचं पटांगण असतं, ओळीनं बसलेली पोरं, हातात माईक आणि मागं काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचं पोस्टर. त्यांना मी आधी हे चित्र बाजूला ठेवायला सांगते. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ मध्ये प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष सुधारून काढले. नुसती माहिती देऊन, भीती घालून किंवा व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला मुलांपुढं उभं करून मुलं व्यसनापासून लांब राहत नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. उपयोग होतो तो गटात, मुलांना बोलतं करत, काही आठवडे सलग घेतलेल्या जीवनकौशल्यांच्या सत्रांचा, आईवडिलांसोबतच्या कामाचा, आणि जे लेकरू आधीच अडखळतंय त्याला वेळेवर ओळखून केलेल्या मदतीचा. आपल्याकडं अजूनही २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाची रॅली काढली, शपथ घेतली, फोटो काढले की वर्षाचं काम झालं असं धरतात. तुम्ही नव्यानं येताय, तर ही सवय लावून घेऊ नका.

आपल्या भागात नेमकं काय चालतं ते आधी डोळ्यांनी बघा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठल्या टपरीवर मिळते ते सातवीतल्या पोराला माहीत असतं. मावा आणि तंबाखू-चुना यांना तर घरचे व्यसन म्हणतच नाहीत. छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या गोळ्यांना पोरं 'बटन' म्हणतात. त्याशिवाय खोकल्याचं औषध, गांजा, नांदेडकडं तेलंगणाच्या सीमेला लागून शिंदी. आणि ज्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही ते व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण लहान मुलांत आणि किशोरांत १.७ टक्के निघालं, मोठ्यांत ०.५८. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकच नशा. रुमाल सारखा नाकातोंडाशी, ओठांभोवती बारीक पुरळ, कपड्यांना थिनरचा वास, मधल्या सुट्टीनंतर डोळ्यांवर झापड. स्टेशनरीच्या दुकानात उघड मिळणारी वस्तू असल्यानं पोलिसांत जाऊन हे सुटत नाही, दुकानदाराशी आणि वर्गशिक्षकांशी बोलूनच काही हलतं. दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू मुलाच्या हातात देणाऱ्याला मात्र बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम टपरीवाल्याला शांतपणे समजावून सांगितलं तरी फरक पडतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पाठ करा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्याला "आजपासून बंद कर" असं कधीही सांगायचं नाही. दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फीट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊन जिवावर बेतू शकतं. गोळ्यांचंही तसंच. आधी डॉक्टर, मग निश्चय. गावात देवासमोर माळ घालून दारू सोडतात, त्यातल्या श्रद्धेचा मान ठेवा. पण हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, तर त्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता दवाखाना कुठला, हे नवीन माणसाला सांगता आलं पाहिजे. गावपातळीवर आशाताई. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत, आणि घरोघरी जाऊन ताणाची लक्षणं विचारायचं काम आशांकडंच आलं. त्यामुळं कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं. किशोरवयीन मुलांसाठी २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 'मैत्री' क्लिनिकं आहेत. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा चमू: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. वरच्या उपचारांसाठी संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. फोनवर सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीत, मोफत, व्यसनासाठी १४४४६, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८.

ही यादी इंटरनेटवर कुणालाही मिळते. तुमचं काम पुढचं आहे. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपर कोणत्या खिडकीवर निघतो, पहिल्या मजल्यावर जायला कुणाला विचारायचं, परतीची एसटी किती वाजता, हे स्वतः जाऊन वहीत लिहा. धारूरच्या बाजूच्या तांड्यावरून लेकाला घेऊन निघालेली आई एकदा चुकीच्या वारी येऊन परत गेली की दुसऱ्यांदा येत नाही. चिठ्ठी देताना तिच्यावर वार, वेळ, खिडकी आणि तिथल्या माणसाचं पद लिहायचं, आणि त्याच संध्याकाळी फोन करून विचारायचं, "जाऊन आलात का?"

खासगी व्यसनमुक्ती केंद्रांबाबत जपून. मानसिक आरोग्य देखभाल अधिनियम २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मनोविकारही येतात, म्हणजे अशा केंद्राला नोंदणी लागते आणि रुग्णाला हक्क असतात. कोंडून ठेवतात, मारतात, घरच्यांना महिना-महिना भेटू देत नाहीत, अशा ठिकाणी कुणालाही पाठवू नका, फी कितीही कमी असली तरी. आधी नोंदणीचा कागद मागा.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. एमएसडब्ल्यू आपल्याच दोन विद्यापीठांच्या महाविद्यालयांत होतं, आणि तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे. तिथल्या फील्डवर्कचा मराठवाड्यात काम करणाऱ्याला फार उपयोग होतो. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. चार दिवसांचं प्रमाणपत्र घेऊन तशी पाटी लावणं बेकायदा आहे आणि लेकरांच्या जिवाशी खेळ आहे.

पदवीनंतरचं खरं प्रशिक्षण वेगळं. पहिलं मानसिक प्रथमोपचार: बघा, ऐका, जोडून द्या. दुसरं आत्महत्येचा विचार ओळखण्याचं. तिसरं व्यसनाची तपासणी आणि छोटं समुपदेशन. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. तिथं काही दिवस नुसतं बसून गटसभा ऐकल्या तरी दहा पुस्तकांचं काम होतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची प्रशिक्षणंही बघत राहा. शाळांमध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून दोन शिक्षक, एक पुरुष एक महिला, तयार करायचे असतात आणि त्यांच्या अकरा विषयांत भावनिक आरोग्य आणि व्यसन प्रतिबंध दोन्ही आहेत. शाळेत गेलात की आधी या दोघांना शोधा. तुम्ही महिन्यातून एकदा येणार, ते रोज तिथं आहेत.

तपासणीचे फॉर्म इंग्रजीतून आलेले असतात, ते आपल्या बोलीत वापरायला शिका. दारूच्या 'ऑडिट' चाचणीत दहा प्रश्न आहेत आणि त्यात 'ड्रिंक' मोजायचं असतं, म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडं कुणी ड्रिंक मोजत नाही. माणूस सांगतो, "रोज एक क्वार्टर, जास्त नाही." क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबानं साधारण साठ ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक. हे माहीत नसलेला कार्यकर्ता फॉर्मवर 'एक' लिहितो आणि गंभीर रुग्ण निरोगी ठरतो. तंबाखूचंही तसंच: "किती वेळा खाता?" याला उत्तर मिळत नाही, "एक पुडी किती दिवस पुरते?" याला लगेच मिळतं.

शाळेतल्या सत्रांत मी चपलांच्या खोक्याला चीर पाडून पेटी करते. नाव न लिहिता काहीही विचारा, म्हणते. चिठ्ठ्या उघडल्या की लक्षात येतं, मुलांचा प्रश्न स्वतःच्या व्यसनाचा असतोच असं नाही. वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, "पप्पा पिऊन आल्यावर अभ्यास कुठं करायचा?" या चिठ्ठीला दारूचे दुष्परिणाम सांगून काय उपयोग? मग सगळ्या वर्गासमोर, कुणाचं नाव न घेता, बोलायचं: घरात भांडण पेटलं तर कुणाकडं जाता येईल, मावशी, आजी, शेजारची काकू, दप्तर आधीच तिथं ठेवता येईल का, पप्पा पितात यात तुझी चूक नाही, मारहाण होत असेल तर १०९८. असा तास संपला की एखादं लेकरू मागं रेंगाळतं. पुढची बस चुकली तरी चालेल, त्याच्याजवळ थांबा. गुपित ठेवण्याचं वचन देण्याआधी मर्यादाही सांगा: लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार कळवावंच लागतं, आणि जिवाला धोका असेल तर मोठ्या माणसाला सांगावंच लागतं. आधी सांगितलं तर मुलं समजून घेतात.

आत्महत्येबद्दल विचारायला नवीन कार्यकर्ते कचरतात, विचारल्यानं डोक्यात येईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. सरळ, हळू आवाजात विचारा, "जगू नये असं वाटतं का?" हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या विश्वासू माणसाला बोलवायचं, दवाखान्यापर्यंत सोबत जायचं. शेतकऱ्याच्या घरी असाल तर फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला लावा. यानं जीव वाचतात. आणि प्रयत्न केलेल्याला पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात नेत नाहीत, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्या उपचारांची जबाबदारी शासनावर असते.

लातूरचं वेगळं बोलावं लागतं. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेसाठी आलेली मुलं रूमवर राहतात, मेसचा डबा, पहाटेपासून क्लास, टेस्टचे मार्क ग्रुपवर. दुसऱ्यांदा परीक्षा देणारा मुलगा गावाकडं फोनच करत नाही, कारण शेत गहाण टाकून फी भरलेली असते. झोप लागू नये म्हणून काय काय घेतात आणि लागावी म्हणून काय घेतात, हे विचारायला हवं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं, क्लास आणि वसतिगृहंही त्यात आली, आणि मार्कांवरून तुकड्या पाडणं, चारचौघांत अपमान करणं टाळायला सांगितलं. म्हणजे इथं नोकऱ्याही निघतील. पण नुसत्या कागदावर नाव लावायला तयार होऊ नका; बसायला दार लागणारी खोली आणि आठवड्याचे ठरलेले तास आधी मागून घ्या.

पगाराचं खरं सांगते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या जागा बहुतेक कंत्राटी, जाहिरात राष्ट्रीय आरोग्य अभियानाची. संस्थांमध्ये प्रकल्प संपला की नोकरी संपते. पहिली दोन वर्षं घरचा थोडा आधार असेल तर निभतं. दर पंधरा दिवसांनी आपल्यापेक्षा अनुभवी माणसासमोर बसून केसेसबद्दल बोलायची सोय जिथं आहे, ती जागा चार पैसे कमी देत असली तरी घ्या. हे काम एकट्यानं मनात साठवून होत नाही.

वर्षाचं गणितही आधी मांडा. दिवाळीच्या आगेमागे बीड, धारूर, केजकडची कोयत्याची जोडपी, म्हणजे ऊसतोड करणारे नवरा-बायको, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन उसाच्या फडावर जातात, लेकरं आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत आईवडील भेटत नाहीत. पालकसभा ठेवायची तर दसऱ्याच्या आत. फेब्रुवारी-मार्च बोर्डाची परीक्षा, मेच्या सुरुवातीला नीट, मग निकाल; त्या दिवसांत फोन चालू ठेवा आणि रजा टाकू नका. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. मुख्याध्यापकांना त्याआधी भेटून आठवड्याचा एक तास वेळापत्रकात लिहून घ्या. वेळापत्रक भिंतीवर लागल्यावर तो तास कुणी देत नाही.