आजारातून उठल्यावर साक्ष कशी द्यावी: कोकणातील ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी मार्गदर्शन

प्रार्थनेनंतर दुखणे हटले, असा अनुभव ज्याला आला त्याला तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात उत्साह असतोच, पण मुळाशी असते ती कृतज्ञता. मार्काच्या शुभवर्तमानात पेत्राच्या सासूचा ताप गेला तेव्हा ती उठून घरी आलेल्यांची सेवा करू लागली. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच, आणि तोही शोमरोनी म्हणजे यहुद्यांना परका, मोठ्याने देवाचे गौरव करीत परत आला. सेवा आणि उपकारस्तुती ही आरोग्याची पहिली फळे आहेत, आणि साक्ष त्यांच्यातूनच उगवते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्या लहान आहेत. गावात ख्रिस्ती घरे थोडी, शेजार बहुतेक हिंदू आणि मुसलमान, आणि कोण अंथरुणाला खिळले होते, कोण उठले, हे वाडीत सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे येथे दिलेली साक्ष पारखली जाते, आणि ती पारखली जावी हेच योग्य आहे. ती खरी, नेमकी आणि नम्र कशी ठेवावी, एवढ्यापुरतेच पुढील लेखन आहे.

आधी खात्री करून घ्यावी

मार्काच्या पहिल्याच अध्यायात येशूने एका कुष्ठरोग्याला शुद्ध केले आणि त्याला ताकीद दिली की, कोणाला काही सांगू नकोस, आधी जाऊन याजकाला दाखव. लेवीयच्या चौदाव्या अध्यायातील नियमाप्रमाणे याजक त्या माणसाची तपासणी करीत असे, आणि त्यानंतरही त्याला सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर राहावे लागे. बरे करणाऱ्या प्रभूनेच तपासणीला पाठवले, हे आपण फार वेळा विसरतो. तपासणी करून घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती आज्ञा पाळणे आहे.

आपल्या भागातील आजारांचा स्वभाव पाहिला तर ही आज्ञा किती शहाणपणाची आहे ते कळते. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची (जंगलातील गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची) साथ आली. या तापात काही रुग्णांचा ताप उतरतो, माणूस हिंडू-फिरू लागतो, आणि एक-दोन आठवड्यांनी ताप पुन्हा चढतो. दुसऱ्या खेपेला डोकेदुखी, थरथर आणि भ्रमही होऊ शकतो. ताप उतरला त्याच रविवारी अशा रुग्णाला वेदीपुढे उभे करून साक्ष द्यायला लावली, तर पुढच्या पंधरवड्यात त्याचा विश्वास डळमळतो आणि शेजाऱ्यांनाही बोलायला जागा मिळते. क्षयाचेही तसेच आहे. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते; परंतु उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो, आणि तो मध्येच सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. “प्रभूने मला बरे केले, म्हणून मी गोळ्या बंद केल्या” ही साक्ष नव्हे. ऐकणाऱ्यांपैकी दुसरा एखादा क्षयरोगी तिच्यामुळे जिवाला मुकू शकतो.

म्हणून घरच्या प्रार्थनेत “आज ताप उतरला, देवा तुझे आभार” असे त्याच दिवशी अवश्य म्हणावे, कारण ते वाक्य पूर्ण खरे आहे. जाहीर साक्ष मात्र डॉक्टरांनी पुन्हा तपासून सांगितल्यावर आणि पाळकांनी व वडीलजनांनी ऐकून घेतल्यावर द्यावी. कॅथलिक बांधवांना ही शिस्त अपरिचित नाही. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून लोक आरोग्यासाठी जात आहेत, बरे झाल्याच्या हजारो नोंदी तेथे झाल्या आहेत, आणि तरीही वैद्यकीय छाननीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत. एवढ्या सावधपणामुळे तेथील श्रद्धा उणी झालेली नाही.

औषधाचे नाव लपवू नये

साक्षीतून डॉक्टर गाळले म्हणजे देवाचे गौरव वाढते, अशी एक समजूत काही प्रार्थनासभांतून पसरली आहे. मला ती मनापासून चुकीची वाटते. पौलाच्या सोबत्यांपैकी लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आणि याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे लिहिले आहे. प्रार्थना आणि उपचार पवित्र शास्त्रात शेजारी-शेजारी आहेत.

कोकणच्या ख्रिस्ती इतिहासातही ते तसेच आहेत. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन यांनी वैद्यकीय सेवा केली (तेथेच १९१९ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे भारतात अमेरिकेचा राजदूत म्हणून आला), आणि घाटावर मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभे केलेले रुग्णालय कोकणी माणसालाही आधाराचे वाटत आले आहे. आजही सिंधुदुर्गातील घराघरांतून माणसे उपचारांसाठी गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात किंवा मिरजेला जातात आणि त्यांच्यासाठी मागे घरात उपास-प्रार्थना चालू असते. या दोन गोष्टी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगाव्यात.

विंचूदंशाचे उदाहरण घ्यावे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना दाखवून दिले, आणि त्यामुळे असे मृत्यू पुष्कळ घटले. विंचू चावलेल्या मुलाला वेळेवर दवाखान्यात नेले, रात्रभर मंडळीने प्रार्थना केली आणि मूल वाचले, तर त्या आईने गाडी मिळाली हेही सांगावे, डॉक्टर जागेवर होते हेही सांगावे, औषध लागू पडले हेही सांगावे, आणि या सगळ्यांत मला प्रभूचा हात दिसला असे म्हणावे. हे अधिक खरे आहे आणि ऐकणाऱ्यालाही अधिक पटते. शिवाय जादूटोण्याविरुद्धच्या महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. उपचार थांबवून नुसती प्रार्थना करण्याचा सल्ला ख्रिस्ती माणसाने कोणालाही देऊ नये. त्याचे कारण कायद्याच्याही आधीचे आहे: त्यात शेजाऱ्याचा जीव पणाला लागतो आणि तो आपला नाही.

साक्षीची मांडणी

योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध माणूस या कामी उत्तम गुरू आहे. त्याला शेजारी विचारतात, परूशी म्हणजे यहुदी धर्मपुढारी विचारतात, पुन्हा बोलावून विचारतात, आणि तो प्रत्येक वेळी माहीत असेल तेवढेच सांगतो: येशू नावाच्या माणसाने चिखल करून डोळ्यांना लावला, शिलोहात जाऊन धुवायला सांगितले, मी धुतले आणि मला दिसू लागले. येशू कोठे आहे असे विचारल्यावर तो सरळ म्हणतो, मला ठाऊक नाही. तो पापी आहे काय, यावरही तो म्हणतो की ते मला ठाऊक नाही. एवढे ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. ठाऊक नसलेले ठाऊक नाही म्हणण्याची ही तयारी प्रत्येक साक्षीत असायला हवी.

बोलण्यापूर्वी सर्व काही कागदावर उतरवून काढावे: दुखणे केव्हा सुरू झाले, डॉक्टरांनी काय निदान केले, कोणी प्रार्थना केली, फरक केव्हा पडला, आज काय स्थिती आहे. मग जे इतरांकडून ऐकले आणि स्वतः अनुभवले नाही ते खोडावे. “डॉक्टरांनी हात टेकले होते” हे वाक्य फार सहज तोंडी येते. डॉक्टरांनी खरोखर तसे म्हटले नसेल तर ते काढून टाकावे. चार-पाच मिनिटांत संपेल एवढेच ठेवावे. उदाहरणार्थ, एखादी बहीण असे सांगू शकेल:

“पावसाळ्यात मला लेप्टोचा ताप आला आणि मूत्रपिंडावर परिणाम झाला. जिल्हा रुग्णालयातून मला पुढे पाठवले. त्या रात्री मी फार घाबरले होते. आमच्या मंडळीतील वडीलजन आले, त्यांनी हात ठेवून प्रार्थना केली, आणि माझी भीती गेली. ताप त्यानंतर तीन दिवसांनी उतरला. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मला जीवदान प्रभूने दिले असा माझा विश्वास आहे, आणि तेव्हापासून मी त्याचे वचन रोज वाचू लागले आहे.”

यात ताप प्रार्थनेच्या क्षणी उतरला असे तिने म्हटलेले नाही, कारण तो तसा उतरला नाही. भीती मात्र त्याच क्षणी गेली, आणि तिला मिळालेले पहिले आरोग्य तेच होते. शेवटच्या वाक्यात आजारापेक्षा प्रभूकडे लक्ष वळते. साक्ष ऐकून लोक घरी जाताना दुखण्याचे वर्णनच बोलत राहिले, तर मांडणी पुन्हा पाहावी.

घरातल्या दुसऱ्या माणसाच्या आजाराविषयी बोलायचे असेल तर त्याची परवानगी घ्यावी. मानसिक आजार, वंध्यत्व आणि लग्नाच्या मुलीचे दुखणे या बाबतीत तर दोनदा विचारावे. रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नयेत.

शेजाऱ्यांना सांगताना

गरसेकरांच्या मुलखातील माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर जायला निघाला होता. येशूने त्याला परत पाठवले: आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते सांग. ज्यांनी आपल्याला आजारी पाहिले त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. ओटीवर बसलेली शेजारीण “काय गो, आता बरां वाटता मां?” असे आपणहून विचारते, तेव्हा तिला दोन वाक्यांत खरे उत्तर द्यावे आणि थांबावे. तिने पुढे विचारले तर पुढे बोलावे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही उत्तर द्यायला सिद्ध असा असे आहे, म्हणजे कोणीतरी विचारलेले असते. आणि ते उत्तर सौम्यतेने द्यायचे आहे.

कोकणात आजार म्हटला की नवस बोलणे आणि देवळात कौल लावणे हे ओघाने येते. त्यामुळे ऐकणारा साहजिकच विचारील की, तुम्ही येशूला काय बोलला होता, आता काय फेडणार? हा प्रश्न तो आदराने विचारतो, त्याला हसू नये आणि त्याच्या देवाविषयी वावगा शब्द काढू नये. शांतपणे सांगावे की आम्ही काही कबूल केले नव्हते, फेडायचेही काही नाही. प्रभूची कृपा फुकट मिळाली, म्हणून आभार मानतो. ख्रिस्ती विश्वासाचे मर्म या एका उत्तरात आले आहे, आणि माझ्या मते कोकणातील साक्षीला यापेक्षा चांगली संधी क्वचितच मिळते. म्हणूनच साक्षीच्या वेळी दानपेटी फिरवू नये. कृपा फुकट आहे असे तोंडाने सांगायचे आणि हाताने पैसे गोळा करायचे, हे जुळत नाही.

संविधानाच्या कलम २५ ने आपल्याला धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. आपले काम सांगण्याचे आहे. “तुम्हीही चर्चमध्ये आलात तर बरे व्हाल” अशी अट किंवा आमिष साक्षीला जोडू नये. तसे वचन प्रभूनेही कोणाला दिले नाही.

जे बरे झाले नाहीत त्यांच्यासमोर

प्रत्येक उपासनेत असा कोणी तरी बसलेला असतो ज्याच्या घरी तितक्याच तळमळीने प्रार्थना झाली आणि माणूस गेला. साक्ष देणाऱ्याने बोलण्यापूर्वी त्याचा चेहरा आठवावा. पौलाने शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो काढला गेला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढेच उत्तर मिळाले. त्रफिम आजारी होता आणि पौलाला त्याला मिलेतात ठेवून पुढे जावे लागले. ज्याच्या अंगावरचे रुमालही आजाऱ्यांना लावण्यासाठी नेत असत, त्या प्रेषिताचा सोबती आजारीच राहिला, हे पवित्र शास्त्राने लपवले नाही. म्हणून “माझा विश्वास होता म्हणून मी बरा झालो” हे वाक्य कटाक्षाने टाळावे. त्याचा दुसरा अर्थ समोरच्या विधवेला लगेच कळतो, आणि तो अर्थ खोटा आहे. “मला का आणि त्यांना का नाही, हे मला समजत नाही” असे जो साक्षीतच कबूल करतो, त्याच्या आभारप्रदर्शनावर दुःखी माणूसही विश्वास ठेवतो. साक्षीनंतर त्या घरी जावे, आपली गोष्ट पुन्हा सांगू नये, त्यांचे ऐकावे.

ऐकणाऱ्याने प्रार्थना मागितली तर

साक्ष ऐकून कोणी आपल्या आजाऱ्यासाठी प्रार्थना मागितली तर लगेच, थोडक्यात आणि त्याच्या घरच्यांसमोर करावी. रुग्णालयात असाल तर नर्सला विचारून आणि शेजारच्या खाटेला त्रास होणार नाही एवढ्या आवाजात करावी. शक्यतो एकटे जाऊ नये. स्त्री रुग्णाकडे मंडळीतील बहिणींनी जावे. आरोग्याचे आश्वासन देऊ नये, आपण देवाजवळ मागत आहोत एवढेच म्हणावे. मग औषधे चालू आहेत ना, पुढची तारीख कोणती आहे, सोबत जायला कोणी आहे का, हे विचारावे, आणि कोणी नसेल तर त्या तारखेला त्यांच्याबरोबर बांबोळीच्या किंवा मिरजेच्या एसटीत आपण बसावे.