टॅलेंट, द्राक्मा आणि आपला भार

“मामा, एका टॅलेंटला किती टंच?” भाचीने दुकानाच्या पायरीवरूनच विचारलं. तिच्या हातात अथेन्सच्या खजिन्याचं टिपण, माझ्या चिमट्यात गिऱ्हाइकाच्या जोडव्याचा तुकडा. म्हटलं, आधी बस आणि प्रश्न दुरुस्त कर. टॅलेंट हे वजन. टंच म्हणजे शंभरात चांदी किती. पोत्याला गोडी किती, असं विचारतेस तू.

नाशिकच्या सराफ बाजारात तीस वर्षं मी टंच काढतोय. ग्रीक येत नाही, पण वजनांची भांडणं चांगली ओळखतो. जुन्या याद्यांत ‘वीस भार’ लिहिलेलं असतं. तेव्हाचा भार म्हणजे रुपयाभार, ११.६६४ ग्रॅम. आजचा सरळ १० ग्रॅम. वीस भारांत तेहतीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्यावरून नणंद-भावजय दुकानातच अबोला धरतात. द्राक्मा या ग्रीक वजनाचं आणि त्याच नावाच्या नाण्याचंही तेच. म्हणून गुणाकार करण्याआधी विचारायचं, कुणाचा द्राक्मा? अथेन्सचा, म्हणजे अॅटिक, सुमारे ४.३ ग्रॅम. इजिनाचा सहाच्या थोडा वर. कॉरिंथवाले ८.६ ग्रॅमच्या स्टेटर नावाच्या नाण्याचे तीन भाग करायचे, म्हणजे त्यांचा द्राक्मा तीन ग्रॅमलाही पोचत नाही. गाव कळलं नाही तर आकडा लिहूच नका.

अथेन्सची उतरंड सोपी आहे. सहा ओबोल म्हणजे एक द्राक्मा, शंभर द्राक्मांचा एक मिना, साठ मिनांचा टॅलेंट. म्हणजे टॅलेंटमध्ये सहा हजार द्राक्मा, आपले २५.८ किलो. काही पुस्तकांत द्राक्मा ४.३६ धरतात. एका नाण्याला त्याने काही बिघडत नाही. पण ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने अक्रोपोलिसवर, म्हणजे अथेन्सच्या गडावर, सहा हजार टॅलेंट चांदी सांगितलीय; तिथे या सहा शतांशांनी दोन टनांहून जास्त चांदी इकडची तिकडे होते. कोणता द्राक्मा धरला ते वहीत वर लिहून ठेवायचं, आणि उत्तरात उगाच चार दशांश दाखवायचे नाहीत.

आता शुद्धता. अथेन्सचं घुबडाचं चार द्राक्मांचं नाणं घ्या, १७.२ ग्रॅम. चांदी चांगली असायची. उदाहरणाला ९८ टंच धरू. १७.२ गुणिले ०.९८ म्हणजे १६.८६ ग्रॅम निखळ चांदी. एका ट्रॉय औंसाचे ग्रॅम ३१.१०३५, त्याने भागलं की ०.५४ ट्रॉय औंस. हजारी भाषेत, म्हणजे हजारात चांदी किती, ९८०. जुन्या इंग्रजी दाखल्यात शुद्धता बारा औंसांच्या पौंडावर सांगत, औंसाचे वीस पेनीवेट. ०.९८ ला बाराने गुणा, ११.७६, पुढच्या ०.७६ ला विसाने, १५.२. झालं, अकरा औंस १५.२ पेनीवेट. ताळा हवा तर ९२५ करून पाहा, अकरा औंस दोन पेनीवेट यायलाच हवं.

नाणं हातात असेल तर गुणाकार विसरा, तराजूवर ठेवा. झिजलेलं नाणं पुस्तकातल्या वजनाइतकं भरत नाही. मशीनच्या टंचावरही डोळे मिटून जाऊ नका. जमिनीत पडलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावरून तांबं निघून जातं, आणि मशीन तेवढीच वरची साय चाखतं. आत तांब्याचा गाभा असलेली मुलाम्याची नाणीही तेव्हा होती. पण म्हणून आतलं पाहायला कानस लावू नका बरं! कुणी जुनं नाणं घासून आणलं की मला जेवण जात नाही.

खरी मजा खनिजाच्या हिशोबात आहे. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदी शिशाबरोबर यायची. शिसं जाळून चांदी मागे ठेवायची रीत तीच, जी हाडांच्या राखेच्या वाटीत आम्ही लहान प्रमाणात करतो. खनिज तपासणारे नमुना घेतात तो अॅसे टनाचा, २९.१६६७ ग्रॅम. विचित्र आकडा का? अमेरिकेच्या दोन हजार पौंडी टनात जितके ट्रॉय औंस, तितके मिलिग्रॅम या नमुन्यात. वाटीत जितक्या मिलिग्रॅमचा चांदीचा मणी उरला, टनाला तितके औंस चांदी. भागाकारच नाही. आणि अमेरिकी टनाला एक औंस म्हणजे मेट्रिक टनाला ३४.२८५७ ग्रॅम.

भाचीला विचारलं, ग्रीकाने टॅलेंटभर खनिजातून एक द्राक्मा चांदी काढली तर? तिने लगेच ४.३ शोधायला घेतलं. गरज नाही! टॅलेंटमध्ये सहा हजार द्राक्मा, म्हणजे सहा हजारात एक. मेट्रिक टनाला १६६.७ ग्रॅम, आमच्या मण्यात ४.८६ मिलिग्रॅम. द्राक्मा ४.३ चा असो की ४.३६ चा, उत्तर हलत नाही. साठ मिलिग्रॅमचा मणी आला तर ४.८६ ने भागा. टॅलेंटला बारा द्राक्मा आणि वर दोन ओबोल. अॅसे टन काय, टॅलेंट काय, दोन्हीकडे ‘मोठ्या मापात लहान मापं किती’ एवढंच आहे.

मग तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. जोगलटेंभी, आपल्या सिन्नर तालुक्यातलं. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. ग्रंथांत त्यांनाही द्राक्माच म्हणतात, कडेला ग्रीक अक्षरंही आहेत. तिने सगळी नाणी ४.३ ने गुणून छप्पन्न किलो काढले होते. ही नाणी भरतात दोन ग्रॅमच्या आसपास. मी पेन मागितलं आणि छप्पन्नवर काट मारली.

“अर्धीच?” ती म्हणाली.

“अर्ध्याच्याही आतबाहेर. नहपानाचा द्राक्मा आहे, अथेन्सचा नाही. आता ती जोडवी इकडे दे, गिऱ्हाईक येईल.”