शाळेत समुपदेशक व्हायचंय?

मानसशास्त्राचे विद्यार्थी भेटले की बहुतेकांचा पहिला प्रश्न पदवीचा असतो, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. समुपदेशन हा विषय घेऊन एम.ए. करावं, किंवा समुपदेशनातली पदव्युत्तर पदविका घ्यावी. एनसीईआरटीचीही मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका आहे, इंटर्नशिपसकट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम वेगळं. तो मानसिक आजारांचं निदान करतो. त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, आणि ती नसताना मुलाच्या फाइलवर आपण निदान लिहू नये. कामाच्या संधी वाढताहेत. सीबीएसईच्या नियमांत समुपदेशक आहेच, आणि जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे.

पण नेमणूक झाली म्हणजे काम सुरू झालं, असं नाही. माझ्या पहिल्या शाळेत मला स्वतंत्र खोली नव्हती. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात टेबल, आणि कुणी शिक्षक रजेवर असले की ऑफ तास माझ्याकडे. ज्या बाईंनी सकाळी वर्गात दरडावलं, त्यांच्याजवळ मूल दुपारी मन कसं मोकळं करणार? म्हणून मुलाखतीतच विचारा: बसायची जागा कुठे, दाराआडचं बोलणं बाहेर ऐकू जातं का, नोंदी कोणाच्या कुलपात राहणार, तास घ्यावे लागतील का. पगाराइतकेच हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

सर्वांत कठीण गोष्ट गोपनीयता. आठवीतला मुलगा खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "बाई, कुणाला सांगणार नाही ना?" तोंडावर "नाही" येतं, पण ते म्हणायचं नाही. कारण अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. मुख्याध्यापकांना सांगून आपली जबाबदारी संपत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं असेल, तरी घरच्यांना सांगावं लागतं. म्हणून पहिल्याच भेटीत, मूल काही सांगण्याआधी, मी साध्या शब्दांत सांगते: "तू बोलशील ते माझ्याजवळ राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, तर मात्र मदतीसाठी मला मोठ्यांना सांगावं लागेल. आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन." मुलांना हे पटतं. मोठ्यांनी शब्द मोडला की मात्र ती पुन्हा त्या खोलीत फिरकत नाहीत.

शिक्षकांची उत्सुकता हा दुसरा भाग. स्टाफरूममध्ये चहा घेताना "काय म्हणाला तो?" असं विचारतात, बऱ्याचदा काळजीपोटीच. त्यांना काय घडलं ते सांगायचं नाही. वर्गात काय करता येईल ते सांगायचं. पुढच्या बाकावर बसवा, सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नका, एवढं पुरतं.

शिकत असतानाच एखाद्या अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली काम करा, आणि नोकरी लागल्यावरही ते सोडू नका. गावातले मानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांची नावं रुजू होतानाच लिहून ठेवा. त्यांच्या शेजारी मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६. ज्या दिवशी गरज पडते, त्या दिवशी शोधाशोध करायला वेळ नसतो.