क्वीनचा नाद कसा लागला, हे कसे विचारावे आणि कसे टिपून ठेवावे

‘तुम्ही क्वीनचे चाहते कधी झालात?’ असे या ब्रिटिश रॉक बँडबद्दल कोणाला सरळ विचारले, तर उत्तर चटकन मिळते आणि ते बहुधा चुकीचे असते. सांगणारा खोटे बोलत नसतो. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेला लाइव्ह एड हा मदतनिधीसाठीचा संगीताचा कार्यक्रम, पांढऱ्या बनियनमधला क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, हात उंचावून एका तालात टाळ्या वाजवणारा अफाट समुदाय, ही दृश्ये त्याने पुढे इतक्या वेळा पाहिलेली असतात, की स्वतःची पहिली आठवण त्यांच्याखाली दबून जाते. ती वर कशी काढावी, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे. घरातल्या काकांची, मोठ्या बहिणीची किंवा स्वतःची हकिकत लिहून ठेवायची असेल, त्यांना ते उपयोगी पडावे.

सुरुवातीलाच एका प्रश्नाचे तीन प्रश्न करावेत. मराठीत त्यासाठी शब्द तयारच आहेत: गाणे आधी कानावर पडते, मग कानात बसते आणि कधीतरी त्याचा नाद लागतो. या तीन घटनांमध्ये काही वेळा दहा-दहा वर्षांचे अंतर असते, आणि चाहते त्या तिन्हींची मोट बांधून एकच प्रसंग सांगतात. ‘वी विल रॉक यू’ हे १९७७चे गाणे घ्या. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची, एवढाच त्याचा ठेका असून शेवटी गिटार येईपर्यंत आवाजाच्या जोडीला जवळजवळ दुसरे काही नाही. त्यामुळे हा ठेका वर्गातल्या बाकांवर आणि सामन्यांच्या गॅलरीत बँडच्या नावाशिवाय हिंडत राहिला. ज्याने तो पाचवीत बाक बडवून वाजवला, त्याच्या कानावर क्वीन पडली होती. पण तो तेव्हा चाहता झाला, असे लिहिले तर ते साफ चुकेल.

बोलायला बसण्यापूर्वी तारखांचा एक कागद तयार ठेवावा. पहिली तबकडी १९७३ची, दुसरी १९७४च्या मार्चमधली, ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ नोव्हेंबर १९७५मधली आणि ‘अ डे ॲट द रेसेस’ डिसेंबर १९७६मधली. ‘द गेम’ १९८०मध्ये, पहिला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संच १९८१मध्ये, ‘द वर्क्स’ १९८४मध्ये आणि ‘इन्युएन्डो’ फेब्रुवारी १९९१मध्ये आली. फ्रेडीचे निधन २४ नोव्हेंबर १९९१ला झाले. एमटीव्ही आपल्याकडे स्टार टीव्हीवरून त्याच १९९१ साली दिसू लागले, आणि क्वीनच्या जीवनावरचा चित्रपट २०१८चा. हा कागद सांगणाऱ्याला चुकीत पकडण्यासाठी नाही, फक्त आपल्या हाताशी असावा. कोणी म्हणाले, की आम्ही लाइव्ह एड त्याच दिवशी दुपारी टीव्हीवर थेट पाहिले, तर वाद घालू नये. क्वीन मंचावर आली ती लंडनच्या घड्याळात संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे रात्री अकरा वाजून गेल्यावर. दुपारची आठवण खरी असली, तरी ती नंतर कधीतरी पाहिलेल्या चित्रमुद्रणाची असणार. आणि मग ते मुद्रण कोणाकडून आणले, व्हिडिओ कोणाच्या घरी होता, या प्रश्नांतून खरी हकिकत हळूहळू सुटी होऊ लागते.

चित्रपटामुळे झालेली सरमिसळ ओळखणे त्या मानाने सोपे आहे. पडद्यावर बँड फुटलेला दाखवला आहे आणि तो लाइव्ह एडसाठी पुन्हा एकत्र येतो. प्रत्यक्षात त्यांचा दौरा त्या कार्यक्रमाच्या दोनच महिने आधी, मे १९८५मध्ये, जपानमध्ये संपला होता. आपल्या आजाराबद्दल फ्रेडी सोबत्यांना त्या कार्यक्रमापूर्वीच सांगतो, हीसुद्धा चित्रपटाने जुळवलेली गोष्ट आहे. तेव्हा एखादा जुना चाहता ‘ते पुन्हा एकत्र आले ना, तेव्हापासून मी’ असे सांगू लागला, तर तो १९८५बद्दल नव्हे, २०१८बद्दल बोलत आहे असे समजावे आणि विषय हलकेच बदलावा.

विषय बदलून जायचे ते वस्तूकडे. ‘तेव्हा काय वाटले?’ या प्रश्नाला छापील उत्तर येते, ‘कशावर ऐकले?’ याला येत नाही. डेक कोणता होता, कोणाच्या खोलीत ठेवलेला असे, कॅसेट कोणी दिली, परत कधी मागितली, हे विचारावे आणि शक्य असेल तर ती कॅसेटच बाहेर काढायला सांगावी. माझ्या मित्राचे काका ठाण्याला असतात आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ऐकली आणि आम्ही खलास झालो, ही त्यांची हकिकत मी लग्नाकार्यांत निदान चारदा ऐकलेली होती. पाचव्यांदा ऐकताना मी त्यांना कॅसेट दाखवायला सांगितले. माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यातून नव्वद मिनिटांची एक कॅसेट निघाली. एका बाजूला ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अ डे ॲट द रेसेस’, कारण या दोन्ही तबकड्या ४५ मिनिटांच्या आत जेमतेम मावतात. आतल्या पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेनने गाण्यांची नावे लिहिलेली होती. त्यांतल्या एकाच नावापुढे पेन्सिलीने एक आकडा होता, तोही खोडून पुन्हा लिहिलेला: १४२, आणि त्याखाली १३८.

ज्यांनी कॅसेट-डेक वापरले नाहीत, त्यांच्यासाठी सांगायला हवे, की डेकवर तीन आकड्यांचा एक गणक असे आणि फीत फिरेल तसे त्याचे आकडे सरकत. गाणे नेमके शोधायचे असेल, तर कॅसेट सुरुवातीला नेऊन गणक शून्यावर आणायचा आणि गाणे लागते तिथला आकडा टिपून ठेवायचा. हा आकडा म्हणजे मिनिटे नव्हेत. डेक बदलला की तोही बदले, म्हणून तर त्या पुठ्ठ्यावर दोन आकडे होते. ते ज्या नावापुढे होते, ते गाणे मात्र ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नव्हते. ते होते ‘थर्टी नाइन’, पहिल्या बाजूचे पाचवे गाणे, गिटारवादक ब्रायन मे याने लिहिलेले आणि त्यानेच गायलेले.

“अरे, हे मी लिहिलंय?” काका पुठ्ठा उजेडात धरून म्हणाले. मग बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

पुढची हकिकत अगदी वेगळी निघाली. हे गाणे अंतराळात गेलेल्या प्रवाशांचे आहे. ते परततात तेव्हा त्यांचे जेमतेम वर्ष गेलेले असते आणि इथे पृथ्वीवर शंभर वर्षे उलटलेली असतात. काका तेव्हा पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते, वाक्ये अर्धीच कळत होती, आणि गिटार वाजवणारा हा माणूस खगोलभौतिकीचे संशोधन अर्धवट सोडून आला आहे, असे कोणीतरी सांगितल्यावर त्यांनी ते गाणे रोज रात्री लावायला सुरुवात केली. (ब्रायन मे याने ते संशोधन पुढे २००७मध्ये पूर्ण करून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून डॉक्टरेट घेतली. त्याची गिटारही घरीच, वडिलांच्या मदतीने, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून बनवलेली आहे. हे कळल्यावर काकांनी काय काय उघडून पाहिले, ते वेगळेच प्रकरण आहे.) ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ त्यांना आवडत होतीच. परंतु नाद लागला तो १४२व्या आकड्याला, आणि प्रसिद्ध गाण्याचे नाव सांगण्याची सवय नंतर, लोकांना तेवढेच ठाऊक असते म्हणून जडली.

म्हणून कॅसेटचा पुठ्ठा, वहीचे मागचे पान, तबकडीच्या वेष्टनावरची सही, या गोष्टींना तोंडी हकिकतीपेक्षा जास्त वजन द्यावे आणि त्यांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. मूळ तबकडीवर ऐकले, की कोणी भरून दिलेल्या कॅसेटवर, हेही नक्की करून घ्यावे, कारण त्याने ऐकणेच बदलते. क्वीनच्या १९७४च्या दुसऱ्या तबकडीच्या बाजूंना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे नसून ‘पांढरी’ आणि ‘काळी’ अशी आहेत, आणि काळ्या बाजूची सगळी गाणी फ्रेडीची आहेत. ज्याने ती भरलेल्या कॅसेटवर सलग ऐकली, त्याला हा भेद माहीत नव्हता. तो कधी कळला, हा त्याला विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे.

चुकीचे ऐकलेले शब्दही टिपून ठेवावेत. गाण्याच्या ओळींचे कागद हाती नसताना प्रत्येकाने स्वतःपुरते शब्द बसवलेले असतात, आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’मध्ये मधेच ‘बिस्मिल्ला’ ऐकू आल्यावर आपलेच कान फसले असे मानणारे मला किमान तिघे तरी भेटले आहेत. तो शब्द गाण्यात खरोखरच आहे. अशा चुका दुरुस्त करून लिहिल्या, तर हकिकतीतला पुरावाच पुसला जातो.

ही पद्धत मी आधी स्वतःवर वापरून पाहिली, आणि त्यात माझी बरीच फजिती झाली. १९९२मध्ये मामेभावाच्या घरी एमटीव्हीवर पाहून मी चाहता झालो, असे मी वर्षानुवर्षे सांगत असे. तीन प्रश्न वेगळे करून लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की त्याच्याही तीन वर्षे आधी, शाळेच्या गॅदरिंगच्या तालमीत, आमच्या कोळीनृत्याची पाळी येईपर्यंत आम्ही टोपल्या घेऊन सभागृहाच्या दाराशी उभे होतो आणि आत दहावीच्या मुलांचा नाच चालू होता. क्वीनच्या जॉन डीकनची ती बास गिटार, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ची, दारातून बाहेर येत होती. शब्द ऐकू येत नव्हते, गाणाऱ्याचा आवाजही नीट येत नव्हता. फक्त खालचे सूर येत होते आणि हातातल्या टोपलीच्या काठावर माझी बोटे चालू होती. कानात बसले ते तिथे. एमटीव्हीची हकिकत ऐकायला बरी वाटते, एवढेच.

नाद कधी लागला, हे ठरवायला माझ्याकडे एकच कसोटी आहे: दुसरी कॅसेट. पहिली कॅसेट दैवयोगाने मिळते. कोणी देते, कोणाची राहून जाते. दुसरी मात्र माणूस शोधत जातो, पैसे साठवतो, मुंबईत असेल तर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (ते दुकान २०१६मध्ये बंद झाले) उभ्याउभ्या वेष्टने वाचत बसतो. ‘या तबकडीत सिंथेसायझर वापरलेला नाही’ अशा अर्थाची सूचना सुरुवातीच्या क्वीन-तबकड्यांवर छापलेली असे, आणि ‘द गेम’मध्ये त्यांनी तो वापरला. ही गोष्ट ज्याला तेव्हा खटकली होती, तो त्या काळी चाहता होता याबद्दल मला आणखी पुरावा लागत नाही. दुसरी कॅसेट कोणती आणि ती मिळवायला काय करावे लागले, एवढे विचारून गप्प बसावे. सर्वांत लांब उत्तर इथेच मिळते.

१९९१नंतर किंवा चित्रपटानंतर चाहते झालेल्यांची हकिकतही याच रीतीने घ्यावी, मात्र त्यांच्याकडे कॅसेटऐवजी मोबाइलमधला ऐकण्याचा इतिहास असतो आणि तो पुठ्ठ्याइतकाच प्रामाणिक असतो. जुने लोक अशांना कच्चे चाहते म्हणतात, तेव्हा त्यांना आठवण करून द्यावी, की फ्रेडी असताना क्वीनचा कार्यक्रम भारतात कधीच झाला नाही. तेव्हा इथे बसून ऐकणारे आपण सगळे भरलेल्या मालावरच वाढलो.

पाचगणीचा विषय आपण होऊन काढू नये, निदान शेवटपर्यंत तरी. झांझिबारला पारशी घरात जन्मलेला फारूख बलसारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, हे आता सर्वांना माहीत आहे, आणि एकदा ते निघाले की प्रत्येक मराठी चाहत्याला आपण पहिल्यापासून त्याच ओढीने ऐकत होतो असे वाटू लागते. सगळे टिपून झाल्यावर विचारावे: पाचगणीचे तुम्हाला कधी कळले? माझ्या वहीतल्या बहुतेकांना ते नाद लागल्यानंतर कळलेले आहे. एक बाई मात्र निराळ्या. त्यांचे माहेर पाचगणीचे. शाळेची ती इमारत रोज पाहत मोठ्या झाल्या, फ्रेडी तिथे होता हे घरच्यांकडून ऐकले, आणि त्याचे एकही गाणे पुढची कितीतरी वर्षे ऐकले नाही. त्यांच्या बाबतीत माझा तिन्ही प्रश्नांचा क्रमच उलटा झाला, आणि वहीत त्यांच्यासाठी वेगळे पान करावे लागले.

लिहिताना सांगणाऱ्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत ठेवावे, परवानगी असेल तरच नाव घालावे, आणि भाऊ-बहीण एकाच डेकवर ऐकत असतील तर दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे. माळ्यावरून निघालेली कॅसेट उत्साहाच्या भरात लगेच डेकमध्ये घालू नये. फीत कडेला पांढरट किंवा चिकट दिसत असेल तर ती जाणकाराकडे न्यावी. चांगली असेल तर आधी हाताने थोडी फिरवून सैल करावी, डेकचे हेड स्पिरिटने पुसावे आणि पहिल्याच वाजवण्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यावी. काकांची कॅसेट आम्ही अशीच लावली. आता डेक तिसराच होता, त्यामुळे ‘थर्टी नाइन’ १५१वर लागले, आणि काकांनी पेन्सिल मागितली.