गाळाच्या जमिनीबाबत या चुका टाळा

बडोद्याच्या उत्तरेला आणि पश्चिमेला, सावली-पादऱ्याच्या बाजूस, नदीच्या गाळाची जमीन बरीच आढळते. करजण-डभोईकडे वळले की काळी माती सुरू होते. या दोन्ही जमिनींना एकाच हिशेबाने पाणी आणि खत देणे ही नवख्या बागायतदाराची नेहमीची चूक आहे. काळी माती ओल धरून ठेवते, तर आपल्याकडची गाळाची गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित पोयट्याची माती, पाणी झपाट्याने खाली सोडते, आणि त्या पाण्याबरोबर नत्रही (नायट्रोजन) मुळांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून पाण्याच्या पाळ्या हलक्या व कमी अंतराने द्याव्यात, आणि युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावा.

गाळाची माती मुळातच कसदार असल्यामुळे तिला काही घालावे लागत नाही, हा समज याहून अधिक नुकसान करतो. अभ्रकासारख्या खनिजांमुळे या मातीत पालाश (पोटॅश) सहसा पुरेसे असते. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र कमी पडतात, कारण उष्ण हवामानात आणि हवा खेळत्या मातीत पालापाचोळा लवकर कुजून संपतो. तरीही माती न तपासता पालाशयुक्त मिश्रखतावर पैसे खर्च होतात आणि शेणखत मागे राहते, याचे वाईट वाटते. तपासणीसाठी नमुना घेताना बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा टाळून, शेतात अनेक ठिकाणी सुमारे 15 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्यावी व ती एकत्र मिसळावी.

पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन ऊन पडले की बारीक कणांची खपली धरते आणि कोंब तिच्याखालीच अडकतात. अशा वेळी बियाण्याला दोष देऊन पुन्हा पेरण्यापूर्वी खपली हलक्या हाताने फोडून पाहावी.

जुन्या गाळात चुनखडीचे खडे असतात. तेथे कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. युरिया वाढवून ती जात नाही. 0.5 टक्के हिराकसाची (फेरस सल्फेट) फवारणी उपयोगी पडते.

ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यात आलेल्या विश्वामित्री नदीच्या पुरानंतर अनेक बंगल्यांच्या बागांत गाळ साचला. असा गाळ आयते खत समजून त्यावरच रोपे लावू नयेत. बारीक गाळाचा थर जुन्या मातीवर वेगळा बसतो, पाणी खाली झिरपू देत नाही, आणि खालच्या मुळांना हवा मिळत नाही. शिवाय शहरातील पुरात सांडपाणी मिसळलेले असते, त्यामुळे कच्च्या खायच्या पालेभाज्या तेथे लगेच घेऊ नयेत. थर ओला असताना खणल्यास त्याची घट्ट ढेकळे होतात. तो भुसभुशीत सुटेपर्यंत वाळू द्यावा, जाड भाग उचलून काढावा आणि उरलेला खालच्या मातीत कंपोस्टसह मिसळावा. नंतर फूटभर खड्डा खणून त्यात पाणी ओतावे. ते तासन्‌तास तसेच राहिले, तर थर अजून फुटलेला नाही असे समजून पुन्हा खणावे.