मॉर्टायझर घेताय? एचपी विचारायच्या आधी या चुका टाळा

सागवानी दरवाजे, पलंग, डायनिंग टेबल घरच्या घरी स्वतः करायचं मनावर घेतलेली माणसं हल्ली बरीच भेटतात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो, कारण स्क्रू आणि एल-पट्ट्यांवर उभं केलेलं फर्निचर वेगळं आणि कुसवाच्या सांध्यात (एका लाकडाच्या टोकाची जीभ म्हणजे कुसू, ती दुसऱ्याच्या खाचेत) ठोकून बसवलेलं फर्निचर वेगळं. पण पटाशीने चार-सहा खाचा मारून मनगट भरून आलं की लगेच मॉर्टायझर, म्हणजे अशा खाचा पाडायची मशीन, शोधायला सुरुवात होते आणि पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपीची घेऊ?"

एचपीचं नंतर बघू. आधी कागदावर लिहा की खाच किती रुंद, किती खोल, कुठल्या लाकडात आणि एकूण किती नग. खाचेची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश धरतात. म्हणजे ३० मिमीच्या पट्टीत १० मिमी, ३५ मिमीच्या दरवाजाच्या पल्ल्यात १२ मिमी, आणि चार बाय अडीचची चौकट असेल तर अडीच इंच म्हणजे जवळजवळ ६५ मिमी, तिथे खाच २० मिमीच्या आसपास जाते. पहिली दोन कामं अर्ध्या एचपीची टेबलावर ठेवायची मशीन निवांत करते, अगदी सागवानातही. चौकटीसाठी मात्र जमिनीवर उभी राहणारी, पाऊण ते एक एचपीची किंवा त्याहून मोठी बघावी लागते. आता सांगा, घरात चार दरवाजे करायचेत आणि चौकटी आधीच बसलेल्या आहेत, तर हेवी ड्युटी कशाला? आणि नुसतं एक टेबल करायचं असेल तर चार पायांना मिळून आठच खाचा, तेवढ्यासाठी मशीनच घेऊ नका, ड्रिलने भोकं पाडून पटाशीने कोपरे काढा किंवा प्लंज राऊटर (फिरतं पातं वरून लाकडात उतरवायचं हातमशीन) वापरा. तीन आडव्या पट्ट्यांच्या एका दरवाजाला सहा खाचा, चार दरवाजे म्हणजे चोवीस, तिथून पुढे मशीनला अर्थ आहे.

मशीनची जात न बघता घेणं ही त्याच्या बरोबरीची चूक. पोकळ चौकोनी चिझलवाली मशीन आत फिरणाऱ्या ऑगर बिटने (पिळाच्या ड्रिलने) भोक पाडते आणि बाहेरचं चौकोनी चिझल त्याच वेळी कोपरे कापत खाली उतरतं, म्हणून खाच थेट चौकोनी मिळते. आडवी स्लॉटवाली असेल तर खाचेची टोकं गोल येतात, मग एकतर टोकं पटाशीने चौकोनी करा नाहीतर कुसू गोल करा. चेनवाली मशीन जाड चौकटी, खांब, तुळया असल्या कामाची, भराभर खोल जाते पण तळ गोलसर येतो, आणि ३० मिमीच्या पट्टीला तिची गरज नाही. ड्रिल प्रेसला लावायची अटॅचमेंट स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ जण घेतात. पाईनमध्ये ६ मिमीला चालते, पण सागवानात १२ मिमीचं चिझल दाबायला जोर पुरत नाही, कारण ड्रिल प्रेसचा दांडा असा दाब द्यायला बनवलेलाच नसतो.

विजेचं. वर्कशॉपसाठी बनवलेल्या मोठ्या मशीनला बऱ्याचदा थ्री फेज मोटर असते आणि घरात कनेक्शन सिंगल फेज. पैसे द्यायच्या आधी मोटरची प्लेट वाचा, फोटो मागवा. व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज करून मोटर चालवणारा डबा) लावून चालवता येते असं दुकानदार सांगेल आणि ते खरंही आहे, पण सिंगल फेजवर चालणाऱ्या साध्या व्हीएफडीतून २३० व्होल्टचंच थ्री फेज मिळतं, त्यामुळे मोटर डेल्टात (वायरी जोडायची एक पद्धत) जोडून २३० वर चालणारी असेल तरच उपयोग, नाहीतर सरळ सिंगल फेज मोटर बदलून घ्या. एक एचपीची सिंगल फेज मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, तेव्हा ५ अॅम्पिअरच्या सॉकेटवर एक्स्टेंशन टाकून चालवू नका, १६ चं वेगळं सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घ्या. अमेरिकेतून कोणी मशीन आणत असेल तर नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०, त्यामुळे इंडक्शन मोटर इथे हळू फिरते आणि तापतेही जास्त.

आणखी एक, चिझलचा सेट स्वस्तात मिळतोय म्हणून मशीनच्या आधी घेऊन ठेवू नका. चिझलच्या शँकचं, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या वरच्या दांडीचं, माप वेगवेगळं असतं, पाच अष्टमांश इंच आणि पाऊण इंच ही दोन नेहमीची, आणि बुश (मधे बसवायचं कडं) नसेल तर एकाचं दुसऱ्यात बसत नाही.

दुकानात मशीन बघायला गेलात तर मोटर चालू करून आवाज ऐकण्यापेक्षा जॉब, म्हणजे खाच मारायचं लाकूड, दाबून धरणारा क्लॅम्प हलवून बघा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे आणि स्वस्त मशीनमध्ये कंजुषी बरोबर तिथेच केलेली असते. चिझल वर काढताना लाकूड त्याला घट्ट धरून बसतं, क्लॅम्प लेचापेचा असेल तर अख्खा जॉब वर उचलला जातो आणि वाकडा होतो. मग फेन्स (लाकूड टेकवायची सरळ पट्टी) टेबलाला घट्ट बसते का, डोकं वरखाली करताना बाजूला डुगडुगतं का, आणि पलंगाचा १०० मिमीचा पाय चिझलखाली मावतो का, हे सगळं टेप लावून बघायचं.

आता मशीन घरी आल्यावरच्या तक्रारी, आणि इथे मात्र दहातल्या नऊ वेळा मशीन निर्दोष असते.

धूर येतोय, चिझल निळं पडलंय. बिटचं टोक आणि चिझलची धार यात फट ठेवलेली नसते. ती साधारण एक ते दीड मिमी पाहिजे. करायचं असं: आधी चिझलच्या खांद्याशी, म्हणजे शँकखालच्या पायरीशी, एक नाणं ठेवून ते तेवढं खाली घट्ट करा, मग बिट पूर्ण वर सरकवून चकमध्ये कसा, मग चिझल सैल करून नाणं काढा आणि चिझल वर ढकलून पुन्हा कसा. झाली नाण्याएवढी फट. फट नसेल तर लोखंडावर लोखंड घासतं, फार जास्त असेल तर छिलपे आत मावत नाहीत आणि चिझल तुंबतं. निळी पडलेली धार पाणी उतरून मऊ झालेली असते, ती पुन्हा घासून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दांड्याला लोंबकळावं लागतंय. नवीन चिझल डब्यातून काढून तसंच लावलं असणार. त्याच्या चारही बाहेरच्या बाजू मशीनिंगच्या ओरखड्यांनी भरलेल्या असतात, त्या बारीक दगडावर सपाट ठेवून आरशासारख्या करा आणि आतला उतार डायमंडच्या कोनने (शंकूच्या आकाराच्या घासणीने) हलक्या हाताने घासा. बाहेरून फार घासू नका, माप कमी होतं. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते, म्हणून तक्रार यायची वाट न बघता मधेमधे धार लावत राहा. जुन्या वाड्याचं लाकूड असेल तर आधी खिळे शोधून काढा.

खाचेच्या भिंती करवतीच्या दातांसारख्या येताहेत. चिझल फेन्सला समांतर नाही, बास. छोटा गुण्या (काटकोन) फेन्सला टेकवून चिझलच्या सपाट बाजूला लावा, उजेड दिसला तर चिझल किंचित फिरवा.

चिझल वाकतंय, खाच तिरकी जातेय. एका भोकाला चिकटून दुसरं मारलं की एका बाजूला लाकूड आणि दुसऱ्या बाजूला पोकळी, चिझल पोकळीकडे सरकणारच, आणि बारीक ६ मिमीचं असेल तर तुटेल. आधी खाचेची दोन्ही टोकं मारा, मग मधे चिझलच्या रुंदीपेक्षा थोडं कमी लाकूड सोडत सोडत भोकं पाडा आणि शेवटी उरलेल्या भिंती काढा. चिझलची छिलपे बाहेर पडायची खिडकी खाचेच्या लांबीकडे, मोकळ्या झालेल्या बाजूला ठेवा. बिट फिरत असताना छिलपे बोटाने काढू नका आणि हातमोजे घालून तर अजिबात नको.

कुसू सैल बसतोय. आधी कुसू कापून ठेवला असेल. १२ मिमीचं चिझल बरोबर १२ चीच खाच पाडेल असं नसतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यात खाच मारायची आणि कुसू त्या मापाने करायचा, हाताने दाबल्यावर अंगठ्याच्या जोरावर आत जाईल इतका. खाच कुसवापेक्षा ३ मिमी खोल ठेवा, जास्तीचा गोंद तिथे जातो. आणि कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात काम झालं की रोज टेबल आणि चिझल पुसून त्यावर मेण नाहीतर मशीन ऑइल फिरवा, बिड (ओतीव लोखंड) एका रात्रीत गंजायला लागतं.